दुपारी हाक मारली तर

रिटायर झाल्यावर काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, म्हाताऱ्यांच्या चौकश्या करते. लोक हसतात. हसू देत. जन्मभर सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून इंजेक्शनं टोचली, तेव्हा माझ्यासमोर रडायचे. आता हसतात, तेवढीच प्रगती.

काम असं आहे. आमच्याकडे एक ट्रस्ट आहे. नाव सांगत नाही, कारण पुढचं वाचल्यावर त्यांना ते आवडणार नाही. हा ट्रस्ट सोलापूर आणि आसपासच्या वृद्धाश्रमांना मदत करतो. मदत द्यायची तर आश्रम कसा चालतो ते कळायला नको? पूर्वी समितीचे लोक जायचे, फरशी बघायचे, स्वयंपाकघर बघायचे, शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी हाणायचे आणि उत्तम चाललंय म्हणून लिहून द्यायचे. पोटभर जेवलेला माणूस खरं लिहीत नाही, हे माझं मत. म्हणून मी माझा डबा घेऊन जाते. तर पुढे कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की जे तिथं राहतात त्यांनाच विचारू या. विचारायचं कसं, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा माझी आठवण झाली.

वाटतं तेवढं सोपं नाही हो हे. तुम्ही म्हाताऱ्या माणसाला विचारा, जेवण चांगलं आहे का? तो म्हणणार, बरं हाय की. झोप? बरं हाय की. पोराची आठवण येते का? बरं हाय की. आमच्या भागातलं हे ‘बरं हाय की’ म्हणजे दाराला लावलेली कडी असते. आत काय आहे ते बाहेरच्याला दिसू द्यायचं नाही. म्हणून चांगलं का वाईट का, असं विचारायचंच नाही. काल काय जेवलात, ते विचारायचं. शेवटची आंघोळ कुणी घातली, ते विचारायचं. खुर्चीवर बसून विचारायचं नाही, खाटेपेक्षा बुटक्या स्टुलावर बसायचं, म्हणजे त्यांना तुमच्याकडे खाली बघून बोलता येतं. आणि मॅनेजरला आधी चहा सांगायला पाठवायचं. एक रिटायर्ड हेडक्लार्क होते, प्रत्येक प्रश्नाला ‘समाधानकारक’ म्हणत होते. मॅनेजर चहा बघायला गेला तसे म्हणाले, हं, आता पहिल्यापासून विचारा. दुसऱ्या एक आजी होत्या, त्यांनी माझीच मुलाखत घेतली. पोरं किती, कुठं असतात, सून विचारते का. सगळं ऐकून म्हणाल्या, मग तू बाहेर कशाला राहतीस, ये की हितंच. मी हसले खरी, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

ट्रस्टचे दोन नियम. माणसानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, स्वतःची अक्कल पाजळायची नाही. आणि एकमेकांचं न ऐकता तिघांनी तीच गोष्ट सांगितली, तर ती खरी धरायची. आम्ही त्याला ‘तीन तोंडं’ म्हणतो. हा दुसरा नियम माझाच. दवाखान्यात शिकले होते, एका पेशंटचं ऐकून धावलात तर फसता, तिघांचं ऐकूनही धावला नाहीत तर माणूस जातो.

आणि एक प्रश्न माझा स्वतःचा. बाहेरगावचे लोक विचारतात, रात्री हाक मारली तर कोण येतं? सोलापुरात रात्रीचं विचारून उपयोग नाही. इथं माणसं मरतात ती उन्हाळ्यातल्या दुपारी. जेवणं झाली की सगळं गाव दारं लावून घेतं. दुकानं बंद, रिक्षा बंद, कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलीत जाऊन पडतात. आश्रमातल्या बायकाही माणसंच, त्याही कूलरपाशी आडव्या होतात. तेव्हापासून चहाच्या वेळेपर्यंत खाटेवरच्या माणसाला तहान लागली, तर काय? म्हणून मी विचारते, दुपारी हाक मारली तर कोण येतं? या एका प्रश्नाच्या उत्तरात अख्खा आश्रम कळतो.

अक्कलकोटच्या वाटेवर एक आश्रम आहे, तिथं हा प्रश्न हल्ली मी सगळ्यात शेवटी विचारते.

ते पूर्वी यंत्रमागाचं शेड होतं. माग विकले गेले, मालकाच्या मुलानं पुण्याची वाट धरली आणि जागा आश्रमाला दिली. उंच पत्र्याचं छत, त्यात काचेच्या पट्ट्या, खाली दोन्ही भिंतींना लोखंडी खाटांच्या रांगा. किती वेळा चुना मारला तरी वरच्या लाकडांतून अजून कापसाचा भुसा गळतो. चादरीवर पांढरे बारीक तंतू दिसतात, झटकले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. मॅनेजर माने म्हणून होते, मूळचे वेळापूरचे, सज्जन माणूस. सज्जन हे खरं म्हणते आहे. पगार निम्मा, माणसं त्याहून कमी, आणि रोज नव्या म्हाताऱ्याला नाही म्हणायचं पाप डोक्यावर.

चैत्र संपत आला होता. ऊन मी म्हणत होतं. मी पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. जेवण, आंघोळ, औषधं, सगळं ठीकठाक. मग माझा प्रश्न आला. पहिल्या आजी म्हणाल्या, नरसूबाई येती. त्याच रांगेत पुढे एक बाई म्हणाल्या, नरसूबाई. पुरुषांच्या बाजूला दगडूआबा होते, जन्मभर यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. आणि तेही कुठे, तर याच शेडमध्ये. तेही म्हणाले, नरसूबाई हाय की, ती येती.

मला बरं वाटलं. तीन तोंडं झाली. म्हटलं चला, निदान एक तरी बाई या लोकांनी दुपारची ठेवली आहे. चहाच्या वेळी मान्यांना म्हटलं, तुमच्या नरसूबाईला भेटायचंय, कौतुक करायचंय तिचं.

मान्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, मॅडम, नरसूबाई कर्मचारी नव्हती, आश्रमातलीच होती. विणकरांच्या पद्मशाली समाजाची, तरुणपणी याच शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत नळीवर गुंडाळायची. मागेपुढे कुणी नव्हतं, म्हातारपणी फिरून इथंच आली. चालत्याफिरत्यांपैकी होती, दुपारी सगळ्यांना पाणी तीच द्यायची. गेल्या दसऱ्याच्या आधी वारली.

मला नवल वाटलं नाही. मेलेल्या माणसांबद्दल जिवंत असल्यासारखं बोलणं हे या वयात रोजचंच. एक आजी तर नवऱ्याला वाढल्याशिवाय जेवत नाहीत, आणि नवरा जाऊन तीस वर्षं झाली. मी मान्यांना तसंच म्हटलं. ते म्हणाले, व्हय, तसंच असंल. पण त्यांनी चहा पुन्हा उचलला नाही.

उरली होती शेवटच्या कोपऱ्यातली गुरुबाई. मैंदर्गीची, कानडी माणूस. अर्धांगवायूच्या झटक्यानं उजवं अंग गेलेलं. मुलगा शहरातच, जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये, तिसरा मजला, लिफ्ट नाही, नवरा-बायको दोघं नोकरीला. संक्रांतीनंतर त्यानं तिला इथं आणून ठेवलं. पूर्वी ती बाजारापुरतं मराठी बोलायची म्हणे, पण झटका आला आणि मराठी पुसून गेली, तेवढी कानडी उरली. होतं असं, मी दवाखान्यात पाहिलंय. आता आश्रमात एकालाही कानडी येत नाही. माने म्हणाले, ती आपली हूं हूं करते, आम्हीपण हूं हूं करतो.

माझं आजोळ अक्कलकोटचं. आईच्या आईशी मी कानडीतच बोलायचे. मी स्टुलावर बसून गुरुबाईला कानडीत विचारलं, जेवलात का? त्या बाईचा चेहरा असा काही बदलला की मला तिच्याकडे बघवेना. किती दिवसांनी कुणीतरी तिला कळेल असं बोललं होतं! डाव्या हातानं तिनं माझं मनगट जे धरलं ते सोडेचना. हळूहळू, शब्द शोधत, तिनं सगळी उत्तरं दिली. मग मी माझा प्रश्न विचारला.

ती म्हणाली, “बरताळ. अक्का बरताळ.” येते. अक्का येते.

कोण अक्का? तिला नाव माहीत नव्हतं. म्हणाली, बारीक आहे, डोक्याला फडकं बांधलेलं असतं, केसांत कापूस. आणि तिनं आपल्या चांगल्या हाताची करंगळी मिटून दाखवली. तिचं हे बोट अर्धंच आहे, म्हणाली.

मी उठले ते थेट ऑफिसात. नरसूबाईची करंगळी कशी होती, असं मान्यांना विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं? यंत्रात सापडून तुटली होती. पण डोक्याला फडकं बांधायची नाही, असंही म्हणाले. त्याचा उलगडा दगडूआबांनी केला. म्हणाले, म्हातारपनी कशाला बांधंल? कांड्या भरताना कापूस उडतो, तवा बांधायची. तरणी होती तवा.

गुरुबाई आली ती नरसूबाई गेल्यावर. जिची भाषा इथं कुणाला येत नाही, तिला हे कुणी सांगावं? मी स्वतःला समजावलं की करंगळीचा विषय निघाला असेल, कुणी हातानं दाखवलं असेल, म्हातारी माणसं दिवसभर दुसरं करतात काय. समजावलं, पण ते गळी उतरेना.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी दुपारी तिथंच थांबले. जेवणं झाली. बायका ऑफिसात कूलरपाशी गेल्या, दार लोटलं. मी गुरुबाईच्या खाटेशी स्टूल घेऊन बसले. थोड्या वेळानं लाइट गेली. पंखे घरघरत थांबले. पत्रे तापून तडतडत होते, तेही मग थांबलं. काचेच्या पट्ट्यांतून ऊन खाली उतरलं होतं आणि त्यात तो कापसाचा भुसा तरंगत होता. अख्ख्या हॉलमध्ये श्वासांशिवाय आवाज नव्हता.

दारापाशीच्या पहिल्या खाटेवरच्या आजी झोपलेल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले आणि दाराकडे मान वळवली. दार बंदच होतं. मग त्यांची मान हळूहळू वळत आत आली, एखादं माणूस समोरून चालत जाताना आपण बघतो तशी. त्यांच्या शेजारच्या बाईंची मान वळली. मग तिसरीची. समोरच्या रांगेत दगडूआबांनी खाटेबाहेर आलेले पाय आत ओढून घेतले, वाट द्यावी तसे. कुणी घाबरलेलं नव्हतं. एकेक चेहरा त्या चालीनं वळत वळत माझ्या दिशेला आला आणि सगळ्यांची नजर गुरुबाईच्या खाटेपाशी येऊन थांबली. मी बसले होते त्याच्या पलीकडच्या बाजूला. तिथं कुणी नव्हतं. खाटेची लोखंडी पट्टी कुरकुरली, कुणी टेकल्यासारखी. गुरुबाई हललेली नव्हती.

मी शवागारात एकटी गेलेली बाई आहे. पंचनाम्याला उभी राहिलेली आहे. त्या दिवशी तसल्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला आणि पाठीवरचा घाम गार पडला.

गुरुबाई त्या रिकाम्या बाजूला बघून म्हणाली, “नीरू.” पाणी. थोडं थांबली, पुन्हा म्हणाली. स्टीलचा गिलास तिच्या उजव्या अंगाला, स्टुलावर होता. भरलेला होता, वर झाकण होतं. तो जागचा हलेना. मग तिनं मान माझ्याकडे वळवली आणि कानडीत म्हणाली, तिला उचलता येत नाही.

मी उठले. झाकण काढून गिलास तिच्या तोंडाला लावला. तिनं एका दमात सगळा संपवला. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघितली, सोडल्यावर ती तशीच उभी राहिली. अंगात पाणीच उरलं नव्हतं. त्या क्षणी माझी भीती गेली आणि मी संतापले. अहो, जिचा उजवा हात मेलेला आहे तिचा गिलास उजवीकडे! हॉलभर बघितलं तर प्रत्येक खाटेचं स्टूल उजवीकडेच. बायकांना उठवून विचारलं. त्या म्हणाल्या, चेकिंगवाले येत्यात की, रांग सरळ दिसावी लागती. चेकिंगवाले म्हणजे कोण, तर आम्हीच.

गुरुबाईचं स्टूल मी स्वतः डावीकडे लावलं. मान्यांना म्हटलं, पडल्या पडल्या तिला गिलासही धड धरता येत नाही, दुपारची एक बाई ठेवा. ते म्हणाले, मॅडम, ठेवतो की, ट्रस्टनं मंजूर केलं तर आत्ता ठेवतो. मग अवघडून म्हणाले, पण सगळ्यांनी सांगितलंय ना, हाक मारल्यावर कुणीतरी येतं? तुम्ही ते तसंच लिहिणार. मग बाई मंजूर करणार कोण?

आणि ते खरं होतं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत झाली. उत्तरं जशीच्या तशी लिहिली, तर दुपारी हाकेला माणूस येतं असंच ट्रस्टला दिसणार, तीन काय सगळी तोंडं तसं सांगतात. नरसूबाई मेलेली आहे असं लिहिलं, तर ट्रस्ट म्हणणार ही माणसं भ्रमिष्ट आहेत, यांना विचारण्यात अर्थ नाही. मग त्यांचं जेवणाचं, आंघोळीचं बोलणंही कचऱ्यात. वैशाख तोंडावर होता. दुपारी पाणी पाजणारा हात मिळाला नाही तर ही कानडी म्हातारी उन्हाळा काढत नाही, हे मला माझ्या धंद्यानं स्वच्छ दिसत होतं.

मी पुन्हा पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. एकच प्रश्न वाढवला. नरसूबाई आली की काय करते?

बसती, पहिल्या आजी म्हणाल्या. कुणी म्हणालं, बघती. कुणी म्हणालं, पदरानं वारा घालती, पन वारा लागत न्हाय. आणि पाणी? यावर सगळे विषय बदलायचे, तिची चहाडी केल्यासारखं त्यांना वाटत असावं. शेवटी दगडूआबा म्हणाले, “सिस्टर, तिला बोल लावू नका. ती लई झटती. पन गिलास तिच्या हाताला लागतच न्हाय.”

मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं. दुपारी हाक मारल्यावर एक बाई येते, परंतु ती पाणी देत नाही. खाली सगळ्यांची नावं.

चार दिवसांनी ट्रस्टच्या सेक्रेटरींचा फोन. भयंकर चिडले होते. म्हणाले, ही कसली कामचुकार बाई, नुसती येऊन बसते? तिला आधी काढून टाका. मी म्हटलं, साहेब, तिला काढता येणार नाही, ती पगारावर नाही. मग फुकट काम करणाऱ्यांकडून अपेक्षा तरी कसली ठेवायची, म्हणून ते मवाळ झाले. दुसरी बाई पगारी ठेवा, म्हणाले. मी फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले, आणि मग हसता हसता रडले.

पण पगारी म्हटलं की समितीची बैठक आली. समितीतले निम्मे सुट्टीला महाबळेश्वरला. बैठक पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. गुरुबाईच्या मुलाला मी जाऊन भेटले. गरीब स्वभावाचा मुलगा. माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणलं, पोराच्या परीक्षा झाल्या की घरी आणतो म्हणाला. माने स्वतः दुपारचे एक चक्कर मारू लागले होते. मी जमेल तेव्हा जायचे. गेले की गुरुबाईचं स्टूल पुन्हा उजवीकडे गेलेलं असायचं, झाडलोट करणारीच्या हाताला सवय झालेली. मी डावीकडे लावायचे, ती रांग सरळ करायची.

वैशाखातल्या एका दुपारी गुरुबाई गेली. माने बिलं भरायला गावात आले होते. चहा द्यायला गेलेल्या बाईला कळलं. मला फोन आला तेव्हा मी विचारलं, गिलास? माने म्हणाले, भरलेला होता, मॅडम. मी फोनवरच त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. बोलायचं खरं समितीला होतं, पण ते समोर नव्हते. समितीला मी नंतर बोलले, आणि सभ्य भाषेत बोलले, याचा मला अजून राग येतो.

मृगात बाई मंजूर झाली. संगीता तिचं नाव, चटपटीत पोरगी.

त्यानंतर मी तिथं गेले ती आश्विनात. ऑक्टोबरचं ऊन पुन्हा तापायला लागलं होतं. दुपारी संगीता हॉलमध्ये जागी होती, प्रत्येकाला उठवून पाणी देत होती, स्टुलं हाताच्या बाजूला होती. रांग वेडीवाकडी दिसत होती आणि मला ती बघून समाधान वाटलं. प्रश्न विचारला तर सगळे म्हणाले, संगीता येती, पानी देती. नरसूबाईचं नाव कुणी काढलं नाही. मी पण काढलं नाही.

गुरुबाईच्या खाटेवर नवी बाई आली होती, यमुनाबाई, माढ्याकडची. महिनाही झाला नव्हता तिला येऊन. माझा प्रश्न ऐकून म्हणाली, संगीता येती. पोरगी लई गुनाची हाय. पण तिनं दिलेलं पाणी मी प्यायचीच नाही, म्हणाली. प्यालं की सारखं लघवीला उठवून न्या म्हणायचं, ते जिवावर येतं, म्हणून गिलास तसाच ठेवून द्यायची. हे मी दवाखान्यात हजार वेळा पाहिलंय. पाणी देणारा असूनही म्हातारी माणसं लाजेनं सुकून जातात, आणि आपण भरला गिलास बघून निर्धास्त असतो. मी विचारलं, मग आता पिता का?

“आता पिती की,” यमुनाबाई म्हणाली. “ती दुसरी बाय बसती न्हवं हितं. काय बोलती त्ये मला कळत न्हाय. तिचा येक हात तसाच मांडीवर पडल्याला आसतो, दुसऱ्या हातानं गिलासाकडं दावती. मी प्याल्याबिगर उठतच न्हाय बया ती.”

मी गिलासाकडे बघितलं. भरलेला होता, वर झाकण. हॉलमध्ये सगळे जागे होते आणि आमच्याकडेच बघत होते, म्हणजे माझ्याकडे नव्हे, खाटेच्या पलीकडच्या बाजूला. संगीता दाराशी पाठमोरी काहीतरी पुसत होती. मी यमुनाबाईच्या पाठीला हात लावून तिला उठवलं, गिलास तिच्या हातात दिला आणि म्हटलं, प्या. ती सगळं पाणी प्याली. पदरानं तोंड पुसलं.

मग मी त्या रिकाम्या बाजूला वळून, आजीशी बोलायचे तशा कानडीत म्हटलं, प्याली हो ती, गुरुबाई. सगळं प्याली. आता तुम्ही उठा.

यमुनाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, सिस्टरलाही म्हातारचळ लागला. लागू दे. त्या हॉलमध्ये गुरुबाईला हे तिच्या बोलीत सांगणारं दुसरं होतं कोण?